गरमी उचलणारा उजेड

कॉलेजात मी सगळ्यांचे आवाज काढायचो. गाईड सरांचा तर इतका हुबेहूब, की लॅबचा शिपाई एकदा माझ्या हाकेला धावत आला होता. घरी या कलेचा एकच उपयोग. बाबा करंज्याहून टेम्पोत म्हावरं भरून पनवेलच्या मासळीबाजारात आणायचे. सकाळी ते टेम्पो धूत असले की बर्फाच्या कारखान्याला फोन मी लावायचो, त्यांच्या आवाजात. माझ्या आवाजाला तिथला माणूस भीक घालायचा नाही.

थर्ड इयरला मी सेमिनारचा विषय घेतला, कॉम्प्युटरची चिप गार करायच्या नव्या पद्धती. पंखा, पाणी आणि शेवटी लेझर. भारी वाटतो म्हणून घेतला.

बाबा म्हणाले, "लेझरनं तं पत्रा कापतात. बरफ तरी गरमी खातो. लेझर काय खाईल?"

"वाचून सांगतो," म्हटलं.

सेमिनारच्या महिनाभर आधी बाबा गेले. बाजारातच, टेम्पोला टेकून.

मोठा भाऊ जहाजावर होता, दुसऱ्या दिवशी पोचणार होता. काका मला म्हणाले, "बर्फ सांग." मी फोन लावला आणि सवयीने बाबांचाच आवाज निघाला. "नेहमीचा पाठव रे. लवकर."

तिकडून "हो शेठ" आलं. आतल्या खोलीत आईला धरून बसलेल्या बाया गप्प झाल्या. आई उठून दारात आली, माझ्याकडे बघितलं आणि परत जाऊन बसली. मला काही वाटलं नाही.

हव्या होत्या लाद्या. आला चुरा, मासळीवर पसरतात तो, आठ क्रेट. बाबा गेले हे त्या माणसाला कोणी सांगितलंच नव्हतं. आम्ही चुरा गोण्यांत भरला आणि गोण्या बाबांच्या दोन्ही बाजूंनी लावल्या. ते पापलेटला लावायचे तशाच, फट न ठेवता. माझे हात बधिर झाले. बाकीचा मी आधीच झालो होतो.

दहाव्यानंतर आई म्हणाली, "एकदा बोल ना त्यांच्यासारखा."

मी तोंड उघडलं. सर निघाले, कामोठ्याचा रिक्षावाला निघाला. बाबा नाही.

"रांव दे," ती म्हणाली. पण रोज ताट वाढताना माझ्या तोंडाकडे बघायची.

सेमिनारला मी स्लाइड वाचत गेलो. लेझरपाशी आलो तसं सरांनी थांबवलं. "लेझरने तर वस्तू तापते. ही गार कशी होणार? पाठांतर नको, समजावून सांग."

"आवो, बरफ म्हावऱ्याला गार नाय करत," माझ्या तोंडून आलं. "त्याची गरमी खातो न् पानी होऊन भायेर जातो. ह्यो उजेड बी तसाच. चिपला चिकटवलेल्या खास काचेत कमी जोर घेऊन शिरतो, तिची गरमी उचलतो, न् जास्ती जोर घेऊन भायेर निघतो."

वर्ग हसला. त्यांना नवी मिमिक्री वाटली.

सरही हसले. "बरोबर आहे. हे कोण?"

"आमच्याकडचे एक," मी म्हटलं आणि पुढची स्लाइड लावली.

घरी आई विळीवर बोंबील कापत होती, पाठमोरी.

"सरांनी काय इचारलं?"

चप्पल पायातच होती. वर्गात आलं होतं तसंच सगळं दारातून सांगायला लागलो. 'गरमी उचलतो'पर्यंत पोचलो तेव्हा तिचा हात थांबला. तिने वळून बघितलं नाही.

"आयकू नाय येत," ती म्हणाली. "जोरात बोल."