पयले भरू तर दे

भाऊजींचा फोन आला तेव्हा मी रेल्वेच्या दारात उभा होतो. मूर्तिजापूर नुकतंच मागे पडलं होतं. बसायला जागा होती, पण मला गाडीत बसवत नाही. बडनेऱ्यापासून अकोल्यापर्यंत मी बहुतेक वेळा उभाच असतो. सकाळी त्यांनीच कळवलं होतं, "ताईले ताप हाय, दम लागून राहिला, तू ये." आता ते एवढंच म्हणाले, "घाई नको करू, बापू." आता घाई करण्यासारखं काही उरलं नाही, असा त्याचा अर्थ होता, हे कळायला मला बोरगाव यावं लागलं.

सुनंदाताई माझी सख्खी मोठी बहीण. अकोल्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात बारावीला जीवशास्त्र शिकवायची. मी अमरावतीत राहणारा, बियाण्यांच्या कंपनीचा फिरता माणूस. माझ्या पायाला भिंगरी आहे असं आई म्हणायची, आणि ताई त्यावर म्हणायची, "भिंगरी नाही आई, याले बसायचीच भीती वाटते." आमच्या गावी, तिवशाला, आम्ही लहान असताना तिचा घसा धरायचा, ताप यायचा, गुडघे सुजायचे. वाढत्या वयाचं दुखणं म्हणून सगळ्यांनी तेल चोळलं. त्या तापाने तिच्या हृदयातली एक झडप कायमची आखडून ठेवली, हे फार उशिरा समजलं. डावीकडच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधलं दार पुरतं उघडेना... आणि हीच बाई दरवर्षी पोरांना हृदय शिकवायची.

एकदा तिची घरी राहिलेली औषधं द्यायला कॉलेजात गेलो, तर तिने मला मागच्या बाकावर बसवूनच घेतलं. सगळा वर्ग मूठ वर करून बसलेला. ताई म्हणाली, "आवळा." मुठी आवळल्या. "आता खालचे कप्पे आवळले. आतलं दार लागलं, त्याचा पहिला ठोका. बाहेरचं दार उघडलं, रक्त निघालं अंगभर. सोडा." मुठी सुटल्या. "सैल पडलं. बाहेरचं दार लागलं, तो दुसरा ठोका. आपल्याला ऐकू येते ती दारं लागल्याची धडधड, पंप मारल्याची नाही." आणि मग ती गप्प उभी राहिली. इतका वेळ, की मागची पोरं हसायला लागली, एकाने तर आपली आपणच मूठ आवळली. ताईने त्याच्याकडे पाहिलं. "काहून रे, घाई हाय? आतलं दार उघडं हाय, वरून रक्त उतरून राहिलं. बरंचसं तर आपल्या आपणच उतरते, वरचा कप्पा शेवटी फक्त एक रेटा देते. पयले भरू तर दे. रिकामं आवळशीन तर अंगात धाडशीन काय?" पोरगं ओशाळलं. खरं सांगायचं तर मीही ओशाळलो.

हे वाक्य तिने मला आयुष्यभर ऐकवलं. अकोल्यात नळ येणं म्हणजे उपकारच. पाणी कधी येईल त्याचा नेम नाही, आलं की अंगणातल्या टाक्यात सावकाश पडतं, आणि टाकं भरलं की मोटर लावून ते गच्चीवर चढवायचं. मी तिच्या घरी असलो की नळाचा आवाज ऐकताच माझा हात बटणाकडे जायचा. ताई आतून ओरडायची, "पयले भरू तर दे, बापू. हवा चढवतो काय गच्चीवर?" ती टाक्याचं झाकण सारून, बादली पालथी घालून शेजारी बसायची. मोटर तिच्याशिवाय कोणी लावायची नाही. भाऊजींनीसुद्धा नाही.

पण माझं डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीने. नागपूरच्या डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की झडप फुग्याने रुंद करून घ्या, आणि लवकर घ्या. त्यांनी हेही बजावलं होतं, की तुमचं दार अरुंद आहे, तुमच्या हृदयाला भरायला जास्त वेळ लागतो. ठोके पळायला लागले तर तो वेळच मिळणार नाही, रक्त मागे फुप्फुसात तुंबेल. हे ताईला डॉक्टरांनी सांगावं! मी दुसऱ्या दिवशी गाडी करायला निघालो. ती म्हणाली, "पोराइच्या प्रॅक्टिकल होऊ दे." मी भांडलो. ती हसली, तेच वाक्य म्हणाली. प्रॅक्टिकल संपायच्या आत तिला साधा ताप आला, तापाने ठोके पळाले, आणि डॉक्टर म्हणाले होते तेच झालं. मला तिचा राग येतो. आठवडे उलटले तरी येतो. ताई, भरल्यावर आवळायचंही असतं ना गं? तेही तूच शिकवत होतीस.

तेव्हापासून मी उगाचच अकोल्याला जातो. भाऊजींकडे चहा घेतो, या खोलीतून त्या खोलीत फिरतो, परत स्टेशन गाठतो. परवा गेलो आणि नळाला पाणी आलं. भाऊजी पेपरातून मान न काढता म्हणाले, "मोटर लाव रे, बापू." मी बटणापाशी गेलो. मग अंगणात जाऊन झाकण सारलं. तळाशी पाणी वाजत होतं. बादली तिथेच होती, ती पालथी घातली आणि बसलो.

बऱ्याच वेळाने भाऊजी बाहेर आले. "काय करून राहिला?"

"भरू देतो."

ते पायरीवर बसले. पाणी चढत गेलं, त्याचा आवाज बारीक होत गेला, मग काठाला लागलं, मग काठावरून अंगणात सांडायला लागलं. मला दिसत होतं. उठायचं होतं, पण माझ्याने उठवेना... उठलो की बादलीवरची ताईची जागा रिकामी होणार होती.

"भरलं, बापू," भाऊजी म्हणाले. आणि आत जाऊन त्यांनीच मोटर लावली.