पातेलं कुणाकडे आहे?

बातमी आली तेव्हा मी मानहाइमहून घरी येणाऱ्या ट्राममध्ये होते. गाडी ऱ्हाइनच्या पुलावर चढली आणि फोनवर जूलियाचा निरोप आला. जूलिया म्हणजे त्सिया कार्मेलाची नात. "नोन्ना आज सकाळी गेली. झोपेतच." नोन्ना म्हणजे आजी. मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला, आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की पातेलं माझ्याकडे आहे. माणूस गेल्याचं कळल्यावर पातेलं आठवणारी बाई तुम्हाला चमत्कारिक वाटेल. वाटू दे. त्सियाला वाटली नसती.

त्सिया म्हणजे मावशी. सगळा परिसर तिला त्सिया म्हणायचा, म्हणून आम्हीही. ती पालेर्मोजवळच्या एका गावातली. लग्न झाल्यावर नवऱ्यामागोमाग लुडविग्सहाफेनला आली. नवरा कारखान्यात, ती एका लाँड्रीत, आणि मुलं इथल्या शाळेत. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा ती आमच्या घराच्या बरोबर खालच्या मजल्यावर एकटी राहत होती. नवरा वारलेला, मुलं आपापल्या घरी. ठेंगणी, रुंद, सदा ॲप्रन बांधलेली. जर्मन धाडधाड बोलायची, पण व्याकरण मात्र तिनं येताना आल्प्सच्या एखाद्या बोगद्यात टाकून दिलं असावं. पहिल्याच आठवड्यात मी तिला आदरानं 'झी' म्हटलं, तर म्हणाली, "मी काय बँकेत बसते? 'डू' म्हण!" आपल्याकडेही मावशीला आपण अगंतुगंच करतो. त्यामुळे मला ते सोपं गेलं.

तरी आमची ओळख बरेच दिवस जिन्यापुरतीच होती. ती खरी झाली माझी आई गेली तेव्हा. मला आठवा महिना होता. आई बाळंतपणाला इकडे येणार होती. डिंक, अळीव, बाळंतशेपा, सगळं बांधून तयार होतं, आणि ती कोथरूडच्या घरात चहा गाळता गाळता खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी मला विमानात बसायला साफ मनाई केली. समीरनं, माझ्या नवऱ्यानं, किती ठिकाणी विचारलं, पण नाही म्हणजे नाही. आईला मी फोनच्या पडद्यावर शेवटचं पाहिलं. तेही दादाच्या हातातला फोन हलत होता, त्यामुळे धड दिसलं नाही. संध्याकाळी दादा म्हणाला, "आमची काळजी करू नकोस गं, शेजारच्या काकूंनी पिठलं-भात पाठवलाय." तो सहज बोलून गेला आणि मी इकडे कुकरची शिट्टी ऐकत उभी राहिले. माझ्या घरात कुकर लागला होता! आई गेली होती आणि माझ्या घरात वरणभात शिजत होता, कारण न शिजवून काय करायचं, कोण पाठवणार होतं? या आख्ख्या गावात माझी आई गेल्याचं कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दुःखाला दुसरं काही नाव देता येत नाही मला... आई गेली हे एक, आणि ती गेलेली माझ्या घराला कळलंच नाही हे दुसरं.

दुसऱ्या दिवशी जिना पुसायची पाळी आमची होती. जर्मनीत माणूस मरो की जगो, जिन्याची पाळी चुकत नाही. पोट सांभाळत मी पायऱ्या पुसत होते आणि बादलीत पाण्यापेक्षा डोळ्यांचंच पाणी जास्त पडत असावं. त्सियानं दार उघडलं. माझ्याकडे पाहिलं, हातातला मॉप काढून घेतला आणि एवढंच विचारलं, "कोण?"

"आई."

ती माझा दंड धरून मला वर आमच्या घरात घेऊन आली. स्वयंपाकघरात आमटी उकळत होती. त्सिया सरळ शेगडीपाशी गेली आणि तिनं शेगडी बंद केली. "या घरात आता विस्तव नाही," ती म्हणाली, "आम्ही आहोत."

त्या दुपारी ती निळं इनॅमलचं पातेलं घेऊन आली. झाकणाचा एका बाजूला टवका उडालेला, आत मसुरीत शिजवलेला पास्ता. मांस नको हे मी सांगायच्या आत म्हणाली, "ठाऊक आहे, ठाऊक आहे. तुझ्या घरातून मटणाचा वास कधी आला नाही." मग रोज आली. कधी सूप, कधी वांगी. त्यांच्या गावात ह्याला कुन्सुलु म्हणतात. ज्या घरी मृत्यू होतो तिथे चूल पेटत नाही, शेजारी रांधून आणतात. मी तिला आमच्या पिठलं-भाताचं सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली, त्यात नवल ते काय, असं. तिच्या मते जगात ह्याहून वेगळं कुठे काही होतच नसणार. फक्त जर्मनांचं काय ते तिला सांगता येत नव्हतं.

आणि मग मी घोळ घातला. पुण्यात दादानं गोडाचं जेवण केलं त्या दिवशी मीही रवा भाजला. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करू नये, किमान चिमूटभर साखर तरी घालावी, हे आईनं माझ्या हाडीमाशी मुरवलेलं. पातेलं घासूनपुसून, त्यात लाडू भरून मी खाली गेले. त्सियानं झाकण उचललं आणि विंचू दिसावा तशी मागे सरकली. छातीवर क्रूस काढला. मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले. मला वाटलं, हिला आमच्या हातचं चालत नाही की काय! तिनं मला आत ओढलं, खुर्चीवर बसवलं. "हे बघ, ऐक," ती म्हणाली. "दुःखाच्या घरातून पातेलं भरून येत नाही. आत जे भरशील त्याच्याबरोबर तेही येतं. रिकामं दे. हे लाडू वर घेऊन जा, नवऱ्याला घाल. आणि रविवारी बागेत ये. तिथे सगळे असतील. तेव्हा भरून आण, वाट्टेल तेवढं."

तो रविवार. गावाबाहेर रेल्वेरुळांच्या कडेला भाड्यानं मिळणाऱ्या छोट्या बागा आहेत, त्यातली एक त्सियाची. शेजारच्या बागांत कापलेली हिरवळ आणि ओळीत लावलेले झेंडू. त्सियाच्या बागेत मात्र टोमॅटो, वांगी, तुळशीची बहीण शोभेल असं बासिल, डोक्यावर द्राक्षांचा वेल, एक पिवळ्या मिराबेल आलुबुखारांनी लगडलेलं झाड आणि भिंतीला टेकून अंजीर. इथल्या थंडीत त्या अंजिराला ती दर वर्षी जुन्या रजया गुंडाळायची. मुलगे, सुना, नातवंडं, कुणाचे तरी साडू, सगळे मोठमोठ्यानं बोलत होते, आणि बराच वेळ मला वाटत होतं की भांडण लागलंय. शिडी कुठे लावायची ह्यावरून थोरला एन्झो आणि धाकटा पिनो एकमेकांच्या अंगावर ओरडत होते. तोवर सुना अर्धं झाड उतरवून मोकळ्या झाल्या होत्या. फळं तोडायची, बादल्या भरायच्या, फुटलेली जॅमला, चांगली वाटायला, आणि वरच्या शेंड्याची पाखरांना. शेंड्याला हात लावला की त्सिया खालून खेकसायची.

मला काही करू देत नव्हते. अंजिराखाली खुर्ची टाकून बसवलं होतं. त्सिया आली, तिनं माझ्या ओढणीचा पदर पसरला आणि त्यात पाच-सहा अंजिरं टाकली. मग सुना आल्या, त्यांनीही. जूलिया तेव्हा शाळेत होती, तिनं मिराबेल ओतली. एन्झोची सासू, जिला मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होते, तिनं माझ्या गालाला हात लावून एक पीच ठेवलं. ओटी म्हणजे काय हे त्यांच्यातल्या एकीलाही माहीत नव्हतं. आई आल्यावर माझी ओटी भरायची असं ठरलं होतं, हिरवी साडीसुद्धा तिनं घेऊन ठेवली होती... मी ती फळं पोटाशी धरली आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. कुणी मला गप्प केलं नाही. त्यांच्यात रडणाऱ्याला रडू देतात. फक्त जेवायची वेळ झाली की उठवतात.

आणि जेवण! वेलाखाली जोडलेली टेबलं, वांग्याचा पास्ता, आंबटगोड वांगी, टोमॅटोचं सॅलड, कलिंगड. मग एका ताटात पिवळ्या चौकोनी वड्या आल्या. मी एक खाल्ली आणि ओरडलेच, "समीर, अरे ह्या पाटवड्या आहेत!" हरभऱ्याचं पीठ पाण्यात घोटून, थापून, कापून तळलेलं. पानेल्ले म्हणतात त्याला. मसाला नाही, पण वास तोच. पुढे दुपारची रूहेत्साइट, म्हणजे आवाज न करण्याची सक्तीची वेळ, सुरू झाल्याची आठवण शेजारच्या बागेतल्या आजोबांनी कुंपणावरून करून दिली. त्सियानं त्यांना ताटभर पानेल्ले पाठवले. मग पुढचा कलकलाट त्यांनाही सोसला. माझे लाडू पातेल्यातून केव्हा संपले ते कळलंसुद्धा नाही. आई गेल्यावर त्या दिवशी पहिल्यांदा मला भूक लागली होती.

तेव्हापासून ते पातेलं खाली-वर करत राहिलं. आमच्याकडून चिवडा, श्रीखंड, पुरणपोळ्या. तिच्याकडून कधी वांगी, कधी मिराबेलचा जॅम. ते कधी रिकामं गेलं नाही, रिकामं आलं नाही. त्सियाची एक खोड होती. ती झाकण लगेच उघडायची नाही. पातेलं दोन्ही हातांवर तोलायची, कानाशी नेऊन हलवायची आणि आत काय आहे ते सांगायची. बहुतेक वेळा चुकायची. पण कबूल करेल तर शपथ! आमची लेक ईरा तिच्या मांडीवर वाढली. मी मराठीत हाक मारावी, तिनं जर्मनमध्ये ओ द्यावी आणि त्सियानं दोघींना सिसिलियनमध्ये दटावावं, असं आमचं घर.

आमचं शेवटचं बोलणं जूनमधलं. ती अंथरुणाला खिळली होती, ओळखत होती, पण शब्द तुटत होते. मी उशाशी बसले तर डोळे न उघडता म्हणाली, "पातेलं कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मग तुझी पाळी," ती म्हणाली, आणि हसली.

तिच्या जाण्याची बातमी आली त्या संध्याकाळी मी पिठलं केलं. करताना मनात येत होतं, तिची मुलं इथेच वाढलेली, त्यांना आता हे हवंय का? उगाच आपलं काहीतरी घेऊन गेलो असं नको व्हायला. भात वेगळ्या डब्यात घेतला, पिठलं निळ्या पातेल्यात. खाली दार उघडंच होतं. टेबलावर हॉटेलातून मागवलेली सँडविचेस प्लॅस्टिकखाली तशीच पडलेली. सगळे भिंतीला टेकून बसलेले. आणि एन्झो, पांढऱ्या केसांचा, शेगडीशी उभा राहून पाणी उकळत होता, कारण घरातली लहान मुलं सकाळपासून उपाशी होती. मी त्याच्या शेजारून हात घातला आणि शेगडी बंद केली.

"या घरात आता विस्तव नाही," मी म्हणाले आणि पातेलं टेबलावर ठेवलं.

एन्झो माझ्याकडे बघत राहिला आणि मग तो साठीचा माणूस माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. जूलियानं झाकण उघडलं, वास घेतला. "पानेल्ले?" "त्याची मावशी," मी म्हणाले. त्यांनी सगळं खाल्लं, पातेलं पावानं पुसून. समीर आणि मी आठवडाभर खाली रांधून नेत होतो. त्सियाची आपल्यावर काही उधारी होती म्हणून नव्हे. तेवढ्यासाठी तरी त्या दाराची घंटा वाजवता येत होती म्हणून.

परवा जूलिया पातेलं परत द्यायला आली. घासून लखलखीत केलेलं. तिनं ते माझ्या हातात ठेवलं आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं माझे हात ओझ्याला तयार होते, ते एकदम वर गेले. रिकामं होतं. बरोबरच होतं ते, तिला आजीनं शिकवलं होतं. दारात थांबून ती म्हणाली, "रविवारी बागेत या. अंजिरं पिकलीत. भरून आणा."

आज शनिवार. रवा भाजून झालाय, घरभर तुपाचा वास आहे, आणि लाडू वळून मी एकेक पातेल्यात ठेवतेय. सगळे असतील उद्या. ओरडतील, जेवतील, शेंड्याची फळं पाखरांना ठेवतील. मीही जाईन, हसेनसुद्धा. फक्त मी पातेलं पुढे केल्यावर ते कानाशी नेऊन हलवणारं, आत काय आहे ते ठासून चुकीचं सांगणारं तिथे कुणी नसेल. झाकण लावलंय. मघाशी मीच ते उचलून कानाशी नेलं होतं.