तंजावरची मीनाक्षी, पाताळाचे राजे आणि माझं हसू

उन्हाळ्यात तंजावरला जाऊ नका, असं मला सगळ्यांनी बजावलं होतं आणि मीही तुम्हाला तेच सांगेन. डिसेंबर-जानेवारी बघा. पण ललिताबाईंनी मुलांकडून बसवून घेतलेलं नाटक मे महिन्यातच होतं, शाळांना सुट्टी तेव्हाच, म्हणून मी सोलापूरहून चेन्नईची गाडी पकडली आणि तिथून पुढची तंजावरची. चेन्नई ते तंजावर शक्यतो दिवसाची गाडी घ्या. शेवटच्या टप्प्यात कालवे, नारळाच्या राया आणि भातखाचरं लागतात, खिडकी सोडवत नाही.

ललिताबाई तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, शाळेत गणित शिकवतात. मराठी बोलींच्या एका ऑनलाइन गटात आमची ओळख झाली. मुलांसाठी त्या एक साहसकथा लिहीत आहेत, तीही मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या पुराणांवरून. नाटक त्याच कथेचं. भाषा तंजावरची मराठी आणि लिपी तमिळ, कारण तिथल्या मराठी घरांतल्या मुलांना देवनागरी वाचता येत नाही. हे ऐकल्यावर मी न जाणं शक्यच नव्हतं.

मी स्टेशनजवळच्या एका साध्या लॉजवर उतरले. खोली स्वच्छ होती, पंखा जोरदार. संध्याकाळी ललिताबाईंकडे गेले.

"या, या. वाट बरी झाली कीं? आधी कापी घ्या," त्या म्हणाल्या. शेवटी सूर वर नेणारं ते तमिळ वळणाचं मराठी कानाला फार गोड वाटलं. पितळी वाटीतली फेसाळ कॉफी मी दोनदा घेतली.

मागच्या अंगणात तालीम सुरू होती. गोष्ट अशी: मीनाक्षी, यास्मिन आणि आरोक्यम् हे तिघे मित्र एका कोरड्या विहिरीत पडतात आणि थेट मायांच्या पाताळात निघतात. तिथे मृत्यूचे राजे माणसांना जड रबरी चेंडूचा खेळ खेळायला लावतात. चेंडूला हात लावायचा नाही, कमरेनं उडवायचा. हरेल तो वटवाघळांच्या घरात. ललिताबाईंनी नायकांना मुलांची खरीच नावं दिली होती. मीनाक्षी त्यांची भाची, अकरा वर्षांची. यास्मिन आणि आरोक्यम् शेजारचे, घरी तमिळ बोलणारे, पण मीनाक्षीकडे खेळून खेळून तिची मराठी समजणारे.

मला सगळ्यात आवडली ती गोष्टीतली मेख. राजांना जगातल्या सगळ्या भाषा कळतात, त्यामुळे मुलांचा प्रत्येक बेत ते आधीच ओळखतात. फक्त एक भाषा त्यांना ठाऊक नाही, कारण ती बोलणारी माणसंच थोडी. ती म्हणजे मीनाक्षीच्या घरची मराठी. तिनं त्या भाषेत बेत सांगायचा आणि तिघांनी सुटायचं.

तो क्षण आला. पुठ्ठ्याचे मुकुट घातलेल्या राजांसमोर मीनाक्षी कमरेवर हात ठेवून ओरडली, "चेंडू होणा! मागल्या दारानें पळा अस्की!"

मला हसू फुटलं. 'अस्की' म्हणजे सगळे, हे मला ठाऊक होतं. पण 'होणा' म्हणजे 'नको', हे मला नंतर कळलं. माझ्या कानाला ती मित्रांना चेंडू व्हायला सांगत होती. मोबाइलवर मी ते टिपत होतेच; तेवढा व्हिडिओ लॉजवर परतल्यावर माझ्या प्रवासाच्या ब्लॉगच्या पानावर टाकला. वर मथळा दिला: 'मराठी पोचली थेट पाताळात!' सोबत हसून डोळ्यांत पाणी आलेला तो पिवळा चेहरा. ललिताबाईंना विचारलं नाही. गोड वाटलं म्हणून टाकलं, असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळी उठून पाहते तर पान प्रतिक्रियांनी ओसंडत होतं. माझं कुठलंच प्रवासवर्णन वाचायला इतकी माणसं आली नव्हती. 'ही मराठी आहे की मराठीचं भूत?' 'चेंडू व्हा रे सगळे!' 'हिला कुणीतरी शिकवणी लावा.' एकदा वाटलं, काढून टाकावं. पण आकडा वर सरकत होता आणि खरं सांगते, मला तो सरकायला हवा होता. मी ते काढलं नाही.

नाश्त्याला ललिताबाईंकडे पोचले तर मीनाक्षी दारातच उभी होती, आईचा फोन हातात घेऊन. तो व्हिडिओ फिरत फिरत त्यांच्याकडेही पोचला होता.

"अक्का! मला कित्ती जण बघितले! काय लिहिलेत? मला वाचायला येत नाही. वाचून सांगा कीं."

मी फोन हातात घेतला. देवनागरीतली ती एकेक ओळ माझ्यासमोर होती आणि मीनाक्षी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"फारच छान, असं लिहिलंय," मी म्हणाले. "आणि हे म्हणतात, किती धीट मुलगी आहे. हे म्हणतात, हिचा आवाज खणखणीत आहे."

"आणि हे?" तिनं बोट ठेवलं. भुताची ओळ होती ती.

"हे म्हणतात, अशी मराठी कधी ऐकली नव्हती."

ती आनंदानं लाल झाली आणि यास्मिनकडे पळाली. माझ्यासमोर इडल्या आणि डांगर पच्चडी आली. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी देतात, तंजावरच्या मराठी घरी गेलात तर नक्की मागा. मी मात्र अर्धी इडली तशीच ठेवून उठले.

मग मी काय केलं? तिरुवैयारुला गेले. गावातून साध्या बस सारख्या सुटतात, तिकीट अगदी किरकोळ. कावेरीच्या घाटावर बसले, तिथला प्रसिद्ध अशोका हलवा खाल्ला. मुगाच्या डाळीचा, तुपानं थबथबलेला. फोटोही काढले. तुम्ही जाल तेव्हा तो घाट तुम्हाला सुंदर वाटेल. मी तिथे फक्त पळून आले होते.

दुपारी परतले तेव्हा ललिताबाई ओसरीवर एकट्याच होत्या. मांडीवर तोच फोन. देवनागरी त्या मोठेपणी शिकल्या आहेत, अक्षर जुळवत वाचतात. त्यांनी बोट ठेवून मला वाचून दाखवलं, "म-रा-ठी-चं... भूत." मग वर पाहिलं.

"मीनाक्षी आणून दिली. 'आत्या, परत एकदा वाच' म्हणाली. तुम्ही तिला दुसरंच वाचून दाखविलांत."

"माझं चुकलं. मी आत्ता काढून टाकते."

"काढा. पण तिला कोण सांगणार? ती सगळ्या गल्लीस सांगून आली आहे." त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून जास्तच लागलं. "मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

मीनाक्षी मागच्या अंगणात थोरल्या राजाचा मुकुट चिकटवत होती. व्हिडिओ काढून टाकून मी तिच्याजवळ खाली बसले आणि सांगितलं. लोक कौतुक करत नाहीत, हसताहेत. सकाळी मी खोटं वाचलं. ते मीच टाकलं होतं, हसू यावं म्हणूनच टाकलं होतं.

तिनं चिकटपट्टी दातानं तोडली. मग विचारलं, "तुम्ही पण हासलांत?"

"हो."

"मी तप्पा बोलले का?" तप्पा म्हणजे चुकीचं.

"नाही गं. तू बरोबर बोललीस. मला कळलं नाही."

 ती मुकुट खाली ठेवून आत गेली. पुण्यात कॉलेजला असताना माझ्या सोलापुरी बोलण्याला मुली हसायच्या, तेव्हा मीही अशीच वर्गातून उठून जायचे. ते मला अंगणात बसल्यावर आठवलं, आदल्या संध्याकाळी आठवलं नव्हतं.

नाटक दिवेलागणीला होतं, गल्लीच्या टोकाला मांडव घालून. प्लास्टिकच्या खुर्च्या भरल्या. मीनाक्षी उभी राहील की नाही, याची ललिताबाईंनाही खात्री नव्हती. पण ती आली. विहिरीत पडली, वटवाघळांना घाबरली, कमरेनं चेंडू उडवला. मी मागच्या रांगेत, फोन पर्समध्ये.

मग तो क्षण आला. राजे पुढे सरकले. मीनाक्षीनं तोंड उघडलं, मांडवभर नजर फिरवली आणि हळूच तमिळमध्ये म्हणाली, "पंदु वेण्डाम्." चेंडू नको.

राजे गोंधळले. तमिळ तर त्यांना कळतं. गोष्टीप्रमाणे आता मुलं पकडली जायला हवीत. थोरल्या राजानं हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. पडद्याआडून ललिताबाई काहीतरी पुटपुटल्या, पण मीनाक्षी खाली बघत राहिली. 

तेव्हा यास्मिन पुढे आली. तिनं मीनाक्षीचा हात धरला आणि छाती भरून ओरडली, "चेंडू होणा! मागल्या दारानें पळा अस्की!"

उच्चार तिचा तमिळच होता. ती ओळ तिनं तालमीत ऐकून ऐकून पाठ केली असणार. तिघं हात धरून मागच्या दारानं पळाली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. माझे हात मांडीवरून उचलले गेले नाहीत.

निघताना मीनाक्षी दारात आली नाही. ललिताबाईंनी मात्र केळीच्या पानात दहीभात बांधून दिला. "वाटेंत खा," एवढंच म्हणाल्या.

सोलापूरला आल्यावर मी पानावर माफी लिहिली, साध्या शब्दांत. ती वाचणारे फार थोडे निघाले. हसायला आलेले केव्हाच पुढे गेले होते. तंजावरला जाणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: तिथली मराठी ऐका, कळली नाही तर विचारा आणि मोबाइल पिशवीत ठेवा.

परवा ललिताबाईंचा फोन आला. तंजावरजवळच्या ओरत्तनाडूला नाटकाचा दुसरा प्रयोग ठरला आहे. मीनाक्षी उभी राहायला तयार झाली आहे. मी अभिनंदन केलं, इकडचं-तिकडचं बोलले. ती ओळ आता कोण म्हणणार, हे विचारायचं मनात होतं. धीर झाला नाही.