मामांनी मापलेली बंदूक

जगातली सगळी माणसं नीट घडलेली आहेत आणि वस्तूच तेवढ्या चुकलेल्या आहेत, असं ठाम मानणारा एकच माणूस मी पाहिला: माझ्या बायकोचे बेलापूरचे मामा. साखर कारखान्याच्या सुतारखात्यातून ते निवृत्त झाले, त्यांची करवत झाली नाही. केडगावला आमच्याकडे येताना पिशवीत दोन सदरे आणि बाकी हत्यारं असतात. माझ्या साखरपुड्यात मुलगा काय करतो हे सगळ्यांनी विचारलं. मामांनी मला फक्त तीनदा उठवलं-बसवलं, आणि रुखवतात माझ्या गुडघ्यांच्या मापाची खुर्ची आली. तिच्यात दुसऱ्या कुणालाही धड बसता येत नाही. शेजाऱ्याच्या खोऱ्याचा दांडा त्यांनी न विचारता चार बोटं कापला, तेव्हा तो तणतणत आला. दुसऱ्या दिवशी कुदळीचाही दांडा बघता का, असं विचारत परत आला.

गेल्या हिवाळ्यात त्यांची खरी कसोटी लागली. माझी बारा वर्षांची लेक जुई नेमबाजी शिकते. वर्गातली एअर रायफल थोराड माणसाच्या मापाची, खांद्याला टेकतो तो लाकडी दस्ता लांबलचक. निशाण दिसावं म्हणून पोरगी मान पुढे ओढायची आणि संध्याकाळी तिची मान आखडायची. जिल्ह्याची निवड आठ दिवसांवर आली आणि ती म्हणाली, "बाबा, मला नाही जमत. सोडते मी." ती रडत नव्हती, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

"पोरगी बरी हाय, बंदूक चुकलीय," मामांनी निकाल दिला. जुनीच आहे, कापा, असं तिच्या सरांनीही सांगून टाकलं. भल्या सकाळी थंडीत मामांनी जुईला उभं केलं. "डोळे मिट. लाव खांद्याला. मान हलवू नको. आता उघड." डोळा आपसूक निशाणाच्या रेषेत यायला हवा, हे त्यांचं माप. पेन्सिलीची खूण झाली, दस्ता दोन बोटं कापला, गाल टेकतो तिथे घासूनही झाला. जुईचे नेम असे लागू लागले की सर चहा विसरले.

दुपारी ऊन चढलं. जुईनं जाकिटाच्या आतले दोन्ही स्वेटर काढले, पुन्हा बंदूक लावली, आणि तिचा अंगठा नाकाला टेकला. दस्ता आखूड! मामा मटकन खाली बसले. "चुकलो," ते म्हणाले. "पोरीसंगं स्वेटर बी मापला मी." 'चुकलो' हा शब्द मामींनी उभ्या संसारात ऐकलेला नव्हता.

मग दस्ता आणि मागची रबरी गादी यांच्यामध्ये ते सागाच्या पातळ पट्ट्या बसवत गेले. दर पट्टीला जुई डोळे मिटायची आणि उघडायची. तिसऱ्या पट्टीला ती ओरडली, "आजोबा, दिसलं!" निवडीच्या यादीत तिचं नाव सगळ्यात शेवटी होतं, पण होतं.

परवा मामा आले. दस्ता पुन्हा आखूड झाला होता. "वाढलीस की गं," म्हणत त्यांनी पिशवीतून चौथी पट्टी काढली. हात आता थरथरतो; स्क्रू भोकात जायला बराच वेळ लागला. आम्ही कुणीही मदतीला हात पुढे केला नाही.

"सा म्हैन्यांनी आनखी एक लागंल, जावईबापू. मी यील."

"यायलाच पाहिजे," मी घाईनं म्हणालो. लेक भराभर वाढावी असं कुठल्या बापाला वाटत नाही? पण मामांचे हात बघताना मला वाटलं, जरा सावकाश वाढली तरी चालेल.