त्या रविवारी वर्ग कोणी घेतला?

भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसण्यावारीच नेल्या. गणित शिकवते, त्यामुळे तसंही... पण हे माझ्याच बाबतीत घडलंय आणि अजून मेळ लागत नाही. कुणाला काही सुचलं तर सांगा.

जळगावातल्या एका निरीक्षणगृहात मी दहावीच्या मुलांना शिकवायला जाते — सोमवार ते शुक्रवार. कुठल्या ना कुठल्या गुन्ह्यात अडकलेली सोळा-सतरा वर्षांची पोरं. त्यातला किरण (नाव बदललंय) रावेरकडचा. सुटकेची तारीख पुन्हा पुढे गेली, तेव्हापासून 'पेपरच देत नाही' म्हणून अडून बसलेला.

त्या रविवारी मी धुळ्याला होते, भाचीच्या साखरपुड्याला. सोमवारी वर्गात शिरले तर फळ्यावर त्रिकोणमिती! तो धडा मी सुरूही केला नव्हता. आणि अक्षर... माझंच.

"हे कोणी लिहिलं?"

किरण म्हणाला, "मॅडम, काल तुम्हीच तर शिकवलं."

मला वाटलं, मस्करी. बाहेर काळजीवाहक नाना होते, त्यांना विचारलं.

"असं काय करतात ताई? तुम्हीच तं आल्या होत्या. दार मीच उघडलं. चहा विचारला, तं नको म्हटल्या."

अधीक्षकांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. कॅमेरा फळ्याच्या वर बसवलाय, त्यामुळे फक्त बाकं दिसतात. आवाज येत नाही. रविवारची दुपार... पोरं एकदम उभी राहिली, बसली, समोर बघून लिहायला लागली. शेवटी सगळे गेले, किरण एकटाच थांबला. समोर कुणाशी तरी बोलत होता. मग त्याने डोळे पुसले.

मी त्याला बाजूला घेतलं. "काय बोलले रे मी तुझ्याशी?"

"मी संध्याकाळी भिंतीवरून पळणार होतो... कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्हाला कसं कळलं, मॅडम? तुम्ही म्हणालात, जायचंच तर पेपर देऊन पुढच्या दाराने जा."

निदान एक साक्षीदार हवा म्हणून बहिणीला फोन लावला. तर ती म्हणते, "जेवणानंतर होतीस कुठे गं? घरभर हाका मारल्या!"

मी तर वरच्या खोलीत जरा आडवी झाले होते... एवढंच आठवतं. बरं, धुळ्याहून जळगाव म्हणजे काय शेजारची गल्ली आहे?

डॉक्टरांना दाखवलं — सगळं ठीक. किरण पास झाला, सुटला, आता फैजपूरला मामाकडे राहून अकरावी करतोय. परवा त्याचा फोन आला.

"मॅडम, त्या रविवारी तुम्ही नसत्या आल्या ना..."

'अरे, मी नव्हतेच' — अगदी ओठांवर आलं होतं. पण ते तरी खरं आहे का, मला कुठे माहीत आहे?

"बरं झालं, आले," म्हटलं आणि फोन ठेवला.