गाढव, हत्ती आणि अहो

इथल्या दोन मोठ्या पक्षांपैकी एकाचं चिन्ह गाढव आणि दुसऱ्याचं हत्ती. अमेरिकन माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही, पण मराठीत भांडायचं म्हटलं की पंचाईत होते. दोन हजार आठच्या निवडणुकीत शिकागोजवळच्या नेपरव्हिलच्या आमच्या मराठी ईमेल ग्रुपवर लोक अभिमानाने लिहायचे, "आमच्या घरी सगळे पक्के गाढव!" तेही इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. मी नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. ना नोकरी, ना मताचा हक्क. तो ग्रुप वाचून एकटीच हसत बसायचे.

ग्रुपवर बहुतेक सगळे गाढवच. हत्तीचा किल्ला एकट्या लढवायच्या त्या आमच्या शेजारच्या काकू. आणि काय लिहायच्या बाई! समोरचा तावातावाने मेल टाकायचा, तर काकू आधी लिहिणार, "तुमचं म्हणणं मला असं समजलं," आणि त्याचंच म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखवणार. मग मुद्दे खोडायला घेणार. मला त्यांचं एकही मत पटत नसे, तरी त्यांची मेल मी पुन्हापुन्हा वाचायचे. गुडघ्यांमुळे त्यांचं ड्राइव्ह करणं सुटलं होतं, आणि बर्फ पडायला लागला की घराबाहेर पडणंही. मग माणसं भेटायची ती या ग्रुपवरच.

ग्रुप सांभाळायचे काका, म्हणजे त्यांचेच यजमान. ते स्वतः कुठल्या बाजूचे, याचा थांगपत्ता त्यांनी कुणाला लागू दिला नव्हता. नियम मात्र कडक होता. कुणी कुणाला अपशब्द वापरला की ग्रुपबाहेर.

ऑक्टोबरात एका दुपारी इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांची आणि काकूंची चांगलीच जुंपली. काकांनी ऑफिसातून मध्येच एक मेल टाकली, "अध्यक्षांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे, पण दोघांनीही सबुरीने घ्यावं." त्याखाली लगेच काकूंची एकच ओळ आली: "अहो, आता कबूल करा, तुम्ही गाढव आहात."

अध्यक्षांनी ती ओळ स्वतःच्या अंगावर घेतली. पक्षबिक्ष त्यांच्या डोक्यातच आला नाही. मला शिवी दिली, नियम सगळ्यांना सारखा असेल तर यांना आजच काढा, असं त्यांनी लिहिलं. त्यांचे चमचे री ओढायला टपलेलेच होते. माझं डोकंच फिरलं. मी तडक शेजारी गेले.

काकू लसूण सोलत होत्या.

"काकू, ते तुम्ही अध्यक्षांना म्हटलंत?"

"त्यांना मी 'अहो अध्यक्ष' म्हणते. नुसतं 'अहो' मी जगात एकाच माणसाला म्हणते."

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. काका गाढवाला मत देणार होते.

"मग एक लाइन लिहून क्लिअर करा ना! नाहीतर काकांनाच तुम्हाला रिमूव्ह करावं लागेल."

"करू देत. भांडणाच्या भरात एकदा लिहून गेले, पण आता हे कुणाला व्होट देणार ते मी गावभर सांगत सुटू? सांगायचं तर ते सांगतील." मग हातातला लसूण खाली ठेवून त्या म्हणाल्या, "ग्रुप गेला तर मला करमणार नाही गं." पण कीबोर्डला त्यांनी हात लावला नाही.

या बाईसारखा ताठपणा आपल्याला कधी जमेल का, असं मला वाटलं. घरी येऊन मी सारखी मेल उघडून बघत होते. काका शिकागोहून ट्रेनने संध्याकाळी परतले, आणि आमची पानं वाढून होईतो त्यांची मेल आली.

"ते 'अहो' अध्यक्षांना नव्हतं, मला होतं. आणि ती म्हणते ते खरं आहे. मी गाढव आहे. हे आता सगळ्यांना कळलं, तेव्हा पंच म्हणून मी कामाचा राहिलो नाही. उद्यापासून ग्रुप दुसऱ्या कुणीतरी सांभाळावा. ती मात्र इथेच राहील."