अण्णांचा श्वास

छातीवर पट्ट्या चिकटवण्याआधी सिस्टरने स्पिरिटचा बोळा फिरवला आणि तो वास थेट नाकात शिरला. हृदयाला ठोके द्यायला लावणारी जागाच मधूनमधून थांबते, म्हणून माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येते, असं डॉक्टर म्हणाले होते. घरात आणखी कुणाला असं व्हायचं का, हेही त्यांनी विचारलं. "वडिलांना, बहुतेक," मी म्हणालो. अण्णांची तपासणी कधी झालीच नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी देवळाली कॅम्पच्या घरी ताईला बघायला पाहुणे आले होते. अण्णांनी दारू सोडून सहा वर्षं झाली होती. पोह्यांचा ट्रे घेऊन ते बाहेर आले आणि दारातच कोसळले. त्यांना सावरायला म्हणून मी वाकलो, आणि आधी त्यांच्या तोंडाचा वास घेतला.

तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. माझं नाक इतकं जवळ बघून त्यांना सगळं कळलं. "घे, बघ," ते हळूच म्हणाले आणि तोंड उघडून माझ्यासाठी श्वास सोडला. नुसता चहाचा वास होता.

पाहुणे माझ्याकडेच बघत होते. "प्यायलेले नाहीत ते," एवढंच मी म्हणायला हवं होतं. मी खाली बसून सांडलेले पोहे गोळा करत राहिलो.